वहीबरहुकूम

ग्रॅमकाकांनी टूथब्रशचा दांडा करवतीनं कापला, त्या दिवशी त्यांच्या बायकोनं वाद घालणं सोडून दिलं. दांड्याचं वजन होतं आठ ग्रॅम. पाठीवरचे आठ ग्रॅम कमी झाले म्हणून हा माणूस दिवसभर शिट्टी वाजवत हिंडला. संध्याकाळी उरलेल्या बुंध्यानं दात घासताना बोटं हिरडीवर आपटली, तरी हूं की चूं केलं नाही.

पोस्टात पार्सलच्या खिडकीवर त्यांची एकतीस वर्षं गेली. समोर काटा, मागे पोत्यांचा ढीग, उजव्या हाताला गोंद आणि लाखेचा डाग पडलेलं टेबल. लोक पार्सल पुढे सरकवायचे, काका ते नुसतं हातात तोलून सांगायचे, "बाराशे चाळीस." मग काट्यावर ठेवायचे. पाच ग्रॅम इकडे नाहीतर पाच ग्रॅम तिकडे, त्याच्या बाहेर कधी गेले नाहीत. ऑफिसातल्यांनी त्यांना ग्रॅमकाका केलं आणि मग ते नाव घरापर्यंत येऊन चिकटलं. माणूस तसा गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एक वेड होतं, आणि ते वेड म्हणजे कण्याची वाट.

डोंगररांगेच्या अगदी माथ्यावरून, पाठीच्या कण्यासारखी गेलेली ही पायवाट. समुद्राकाठच्या दीपगृहापाशी सुरू होते आणि पार दुसऱ्या टोकाला एका मोठ्या तळ्यापाशी संपते. सहाशे बारा किलोमीटर. वाटेतल्या दगडांवर पांढरा आणि निळा असे दोन पट्टे मारलेले असतात, मुक्कामाला पत्र्याचे निवारे असतात, बाकी सगळा रामभरोसे कारभार. चालायला अडतीस दिवस लागतात. इतक्या दिवसांचं अन्न पाठीवर नेता येत नाही, म्हणून चालणारे लोक आधीच स्वतःच्या नावानं पार्सलं टाकून ठेवतात. वाटेवरच्या गावातल्या पोस्टात जायचं, ओळखपत्र दाखवायचं, आपलं पार्सल घ्यायचं आणि पुढे निघायचं. नऊ वर्षांपूर्वी असाच एक उन्हानं रापलेला माणूस पाच पार्सलं घेऊन काकांच्या खिडकीशी आला. काकांनी सहज चौकशी केली, त्यानं सगळं सांगितलं, आणि काकांचं डोकं जे फिरलं ते फिरलंच.

त्यांनी निळ्या पुठ्ठ्याची वही आणली. एका दिवसाला एक पान. ग्रंथालयात बसून जुने नकाशे उतरवून काढले, अंतरं दोऱ्यानं मोजली, चढ-उतार लिहिले. झरा कुठे, निवारा कुठे, डावीकडे वळायचं की उजवीकडे, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. काही पानांवर तर 'इथे दहा मिनिटं बसावं, दोन्ही बाजू दिसतात' असंही लिहिलं होतं. हे जागेवर न जाता, नुसत्या नकाशातल्या रेषा बघून. पाच पार्सलांची पाच लेबलंही लिहून झाली, वरती स्वतःचं नाव, खाली त्या त्या पोस्टाचा पत्ता. ती बिस्किटाच्या डब्यात नऊ वर्षं पडून होती. पाठीवरची बॅग कपाटावर भरून तयार. दर महिन्याला ती खाली यायची, वजन व्हायची, एखादी वस्तू कमी व्हायची आणि परत वर जायची. सात किलो दोनशे चाळीसपर्यंत आणली होती त्यांनी.

मग गेले का नाहीत? पहिल्या वर्षी लेकीची परीक्षा. दुसऱ्या वर्षी बायकोचं ऑपरेशन. मग बदलीची आवई उठली, मग लेकीचं लग्न आलं, मग पाऊस लवकर आला, मग उशिरा आला. कारणं सगळी खरी, एकही बनवलेलं नाही. पण दरवर्षी कारण सापडलं की काकांना आतून जरा हायसं वाटायचं, हेही तितकंच खरं. एकट्यानं, डोंगरात, पत्र्याखाली झोपायचं म्हटलं की त्यांना भीती वाटायची. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

आता साडूकडे येऊ. काका तोंडावर त्याला "साडूभाऊ, तुम्ही" असं आदरानं बोलवत, मनातल्या मनात मात्र अरे-तुरे करत. आपण मनातलंच धरू.

दोन बहिणी दोन घरी दिल्या की दोन पुरुष आयुष्यभर एकमेकांशेजारी उभे केले जातात. एकाची उंची दुसऱ्यावरून मोजली जाते. काका पोस्टात लागले तेव्हा साडू अजून नोकरी शोधत होता, तेवढी दोन वर्षं काय ती काकांची. मग साडूनं ड्रायव्हिंग स्कूल काढलं आणि गाडी भरधाव सुटली. आधी घर त्यानं घेतलं. टक्कल काकांना आधी पडलं. लेकीच्या लग्नात पाहुण्यांना हसवून हसवून बेजार कुणी केलं, तर साडूनं. वधूपिता कोण आहे हे लोकांना विचारावं लागलं. साडू वाईट नव्हता हो, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या. मोठ्ठं पोट, मोठ्ठा आवाज, आणि शिकवण्याच्या गाडीत सतत ब्रेकवर पाय ठेवून बसायची सवय. सोफ्यावर बसला तरी त्याचा पाय मध्येच जमिनीवर दाबला जायचा.

एका रविवारी दुपारी ही मंडळी काकांकडे जेवायला आली. साडूचा चेहरा पडलेला. डॉक्टरनं सांगितलं होतं, वजन उतरवा, चाला, नाहीतर पुढचं आम्हाला विचारू नका.

"कोपऱ्यावर जायला गाडी काढतात हे," मेहुणी म्हणाली. "भावजी, तुम्हीच काहीतरी सांगा यांना."

काकांनी भात कालवता कालवता सांगितलं, रोज सकाळी अर्धा तास चालावं, सपाट जागी.

"अर्ध्या तासानं माझं काय होणार, दादा?" साडू म्हणाला. मग त्याची नजर कपाटावरच्या बॅगेकडे गेली आणि तिथेच थांबली. "ती तुमची डोंगरातली वाट आहे ना, तीच करून टाकतो. धंदा भाचा बघेल दीड महिना. तुमची वही द्या मला."

नऊ वर्षं. नऊ वर्षं ज्या वाटेचा एकेक दगड त्यांनी कागदावर पाठ केला होता, ती हा माणूस 'करून टाकणार' होता, दात घासून टाकावेत तशी. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची स्वतःची बायको म्हणाली, "द्या ना. नुसती पडूनच तर आहे."

तिच्या मनात काही नव्हतं. खरं तेच ती बोलली होती, आणि म्हणून ते जास्त लागलं. काका उठले, हात धुतले आणि वही आणून दिली. देताना इतकंच म्हणाले, "झेरॉक्स काढा. मूळ वही मला परत हवी."

साडूनं पंधरा दिवसांत तयारी केली. कसली तयारी? दुकानात गेला आणि दिसेल ते उचललं. बॅग साडेतेरा किलोची. त्यात स्टीलचा डबा, उशी आणि फोल्डिंगची खुर्ची. काकांनी बॅग हातात धरून बघितली आणि त्यांना बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी परत येतोय लेकाचा, त्यांनी मनात म्हटलं. पार्सलं मात्र काकांनीच भरायची असं ठरलं, कारण पोस्टातला माणूस घरात असताना दुसऱ्यानं कशाला धडपडायचं? त्यांनी पाच खोकी भरली, सुतळी आवळली, आणि हात सवयीनं बिस्किटाच्या डब्याकडे गेला. पाचही खोक्यांवर पाच लेबलं चिकटली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की वर नाव आपलं आहे.

गोंद अजून ओला होता. लेबल बोटाच्या टोकानं निघालं असतं. काका दोन मिनिटं खोक्यांकडे बघत बसले. ओळखपत्राशिवाय पार्सल मिळत नाही, हा नियम त्यांनीच एकतीस वर्षं लोकांना ऐकवला होता. मग ते उठले आणि खोकी आहेत तशी काट्यावर चढवली. निदान पार्सलावर तरी नाव माझं राहू दे, असं काहीतरी ते स्वतःशी पुटपुटले. पण खरं कारण तेवढंच नव्हतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी साडू परत आला नाही. उलट संध्याकाळी त्याचा फोन आला. रोज यायचा, साडेसहाच्या सुमाराला. मेहुणी त्या वेळेला मुद्दाम बहिणीकडे येऊन बसायची, फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा करायची, आणि दोघी बहिणी गालाला हात लावून ऐकायच्या. ढगांच्या वर उभा होतो म्हणे. रानडुकराची पिल्लं बघितली म्हणे. खुर्ची एका निवाऱ्यात सोडून दिली म्हणे, येणाऱ्या-जाणाऱ्याला बसायला. शेवटी तो न चुकता विचारायचा, "दादा आहेत का तिथे? दादा, वही म्हणजे वही आहे हो. सगळं वहीबरहुकूम. झरा म्हणाल तिथे झरा, वळण म्हणाल तिथे वळण."

"ऐकलंत का?" बायको काकांकडे वळून कौतुकानं म्हणायची. "तुमचं किती नाव काढतायत."

काका पेपरात डोकं खुपसून हूं म्हणायचे. आतून मात्र त्यांचा जळफळाट व्हायचा. बोलणारा खोटी स्तुती करतोय असं वाटलं असतं तर परवडलं असतं. पण हा खरोखर तिथे उभा होता, काकांनी लिहिलेल्या झऱ्याचं गार पाणी पीत होता, काकांनी लिहिलेल्या दगडावर दहा मिनिटं बसत होता. स्वयंपाक एकानं करायचा आणि ताटावर दुसऱ्यानं बसायचं, वर मिटक्या मारत सांगायचं की मीठ अगदी बेताचं पडलंय. सहाव्या दिवशी पार्सलाचा पहिला मुक्काम होता. काका त्या संध्याकाळी पेपर उलटा धरून बसले होते.

"पार्सल मिळालं," साडू म्हणाला, आणि बिस्किटांविषयी बोलू लागला.

एवढंच. नावाचं अक्षर नाही. तेराव्या दिवशीही तेच, विसाव्या दिवशीही तेच. या माणसानं गोड बोलून तिन्ही पोस्टं गुंडाळली असणार, काकांना खात्रीच होती. ज्यानं घाबरट म्हाताऱ्यांना चौकात यू-टर्न घ्यायला शिकवलं, त्याला खिडकीतला कारकून काय अवघड? काका ऑफिसात लोकांवर खेकसू लागले. एका बाईचं पार्सल त्यांनी हातात तोलून आठशे सांगितलं आणि काट्यावर ते नऊशे तीस निघालं. सहकाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. असं कधी झालं नव्हतं.

घरी आल्यावर ते चालायचे बूट घालून गच्चीत फेऱ्या मारायचे. बूट पायात रुळायला हवेत, एवढंच सांगायचे.

सत्ताविसाव्या दिवशी फोन दुपारीच आला, मेहुणी बहिणीकडे आलेली आणि काका जेवायला घरी आलेले असताना. साडूचा गुडघा गेला होता. "काही नाही हो, फोनमध्ये बघत चालत होतो, पाय घसरला," तो म्हणाला. "माझाच वेंधळेपणा." आदल्या दिवशी पडला होता, कसाबसा लंगडत गावापर्यंत आला होता. तिथल्या डॉक्टरनं पट्टी बांधून सांगितलं, पुढे एक पाऊल टाकायचं नाही. आणि गावातलं पोस्ट चालवणाऱ्या बाई चौथं पार्सल देईनात. औषधं त्यातच होती, स्वच्छ कपडे त्यातच होते. "नाव तुमचं आहे ना दादा त्यावर," साडू हळूच म्हणाला. सत्तावीस दिवसांत पहिल्यांदाच.

टेबलाभोवतीच्या दोन्ही बहिणींनी काकांकडे बघितलं. काकांचे कान तापले.

"सवयीनं झालं," ते म्हणाले.

"मग आता तुम्हालाच जायला हवं," बायको म्हणाली. पुढचा अर्धा तास भांडी जरा जोरात आदळत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं काका आणि मेहुणी निघाले. नवऱ्याला घेऊन यायला ती, पार्सल सोडवायला हे. काकांच्या पायात चालायचे बूट होते. वर चिखल असतो म्हणाले. पाठीवर कपाटावरची बॅग होती. साडूचं सामान आणायला एखादी बॅग हवी म्हणाले. ती आधीच गच्च भरलेली आहे, त्यात साडूचं सामान कुठे बसणार, हे मेहुणीच्या लक्षात आलं होतं. पण ती खिडकीबाहेर बघत राहिली.

सात तासांनी गाव आलं. एक रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना घरं, टोकाला पोस्ट. पोस्ट म्हणजे एक खोली, एक काटा आणि एक बाई. बाईंनी काकांचं ओळखपत्र घेतलं, लेबलाशी ताडून पाहिलं, नावातलं अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचलं. काकांना त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटला.

"तुमच्या त्या पाहुण्यांनी दीड तास माझं डोकं खाल्लं," बाई म्हणाल्या. "म्हणे, हे पार्सल ज्याचं आहे तो माणूस कधीच येणार नाही, त्याला मी ओळखतो. मी म्हटलं, नाही आला तर परत जाईल. नियम म्हणजे नियम."

काकांनी पार्सल उचललं आणि परत खिडकीवर ठेवलं. तो माणूस कधीच येणार नाही. इतकी वर्षं सगळे वहीचं कौतुक करत होते, आणि सगळ्यांना हे माहीत होतं. बायकोला, मेहुणीला, ऑफिसातल्या शिपायापासून साहेबापर्यंत. आणि ते मोठ्यानं बोलून कोण दाखवतो, तर साडू, तेही एका परक्या खिडकीवर. अंगाचा नुसता तिळपापड झाला. काकांनी पाठीवरची बॅग उतरवली आणि बाईंना म्हणाले, "जरा काट्यावर ठेवू का?"

सात किलो दोनशे चाळीस. बाईंनी मान डोलावली. आजवर तिथून गेलेल्यांत इतकी हलकी बॅग त्यांनी पाहिली नव्हती, असं त्या म्हणाल्या. काकांना हे फार बरं वाटलं, आणि तिथेच त्यांचं ठरलं.

साडू डॉक्टरच्या ओसरीवर बाकावर बसला होता, गुडघा कलिंगडाएवढा. माणूस अर्धा झाला होता. पोट उतरलं होतं, दाढी वाढली होती, चेहऱ्यावर असा काही रंग चढला होता की काकांनी आधी त्याला ओळखलंच नाही. मग ओळखलं, आणि त्या रंगाचाही त्यांना हेवा वाटला. मेहुणी नवऱ्याशेजारी बसून डोळे पुसत होती आणि त्याच्या पायाला नावं ठेवत होती.

"गोळ्या आणि कपडे काढून घ्या," काकांनी खोकं पुढे केलं. "बाकीचं मला लागेल. मी पुढे जातोय. अकरा दिवस राहिलेत. पाचवं पार्सलही माझ्याच नावावर आहे."

साडू त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याचा चांगला पाय ओसरीच्या फरशीवर दाबला गेला, ब्रेक मारल्यासारखा. "तुम्ही? एकटे? दादा, अहो ती वाट आहे, वही नाही."

"वही मीच लिहिलीय," काका म्हणाले.

साडूनं स्वतःच्या बॅगेतून झेरॉक्सचा गठ्ठा काढला, कडा कुरतडलेल्या, पावसात भिजून फुगलेल्या. "निदान ही घेऊन जा. थोड्या खुणा केल्यात मी. आणि पाणी दुप्पट घ्या."

काकांनी तो गठ्ठा बॅगेच्या तळाशी कोंबला. तीनशे ग्रॅमचं ओझं उगाच, पण आजाऱ्याचं मन कशाला मोडा? बायकोला फोन केला. ती म्हणाली, "जा. रोज फोन करा." ऑफिसात फोन केला, साठलेली रजा मागितली. साहेबांनी तीनदा विचारलं, "नक्की तुम्हीच बोलताय ना?" साडू-मेहुणी परतीच्या गाडीत बसले. गाडी वळेपर्यंत साडू खिडकीतून डोंगराकडे बघत होता, काकांकडे नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर काकांनी पाण्याच्या दोन बाटल्यांतली एक रिकामी केली. पाण्याचं वजन म्हणजे चेष्टा नव्हे, आणि पान अठ्ठावीस त्यांना तोंडपाठ होतं: दोन तासांचा सोपा चढ, मग डावीकडे झरा.

ती रात्र त्यांनी डॉक्टरच्या ओसरीवर काढली आणि उजाडता उजाडता निघाले. पहिला पांढरा-निळा पट्टा दिसला तेव्हा त्यांनी वाकून त्याला हात लावला. आसपास कुणी नाही हे आधी बघून घेतलं. पहिला तास काय गेला म्हणून सांगू. पाय आपोआप पडत होते, झाडांतून ऊन येत होतं, आणि नऊ वर्षं ज्याची भीती वाटली ते हेच का, असं वाटून त्यांना हसू आलं. या वाटेवर साडूचा पाय पडलेला नाही, हे तर ते दर दहा मिनिटांनी स्वतःला सांगत होते.

दोन तास झाले. चढ संपला नाही. तीन झाले. वळण आलं, पण ते डावीकडे नव्हतं, उजवीकडे होतं. चौथ्या तासाला बाटली संपली. बूट चावायला लागले, ते गच्चीत रुळवलेले बूट. पाचव्या तासाला ते एका कातळापाशी पोचले. खूण तीच होती, नकाशातला तोच कातळ. डावीकडे खाली उतरून बघितलं. सुकलेली पानं आणि दगड. झरा तर सोडाच, ओलही नव्हती.

काका कातळावर मटकन बसले. तोंडाला कोरड पडली होती आणि डोळ्यांत पाणी येऊ पाहत होतं. रडू आलं ते तहानेनं नाही, हेव्यानं. सत्तावीस दिवस त्या माणसाला झरा म्हणेल तिथे झरा मिळाला, वळण म्हणेल तिथे वळण. आणि ज्यानं वही लिहिली त्याची पाळी आली, तर पहिल्याच दिवशी पान खोटं? नशीबसुद्धा साडूच्याच बाजूचं. आपलंच पाठांतर चुकलं असेल, कुठलं तरी भलतंच पान डोक्यात बसलं असेल, म्हणून त्यांनी बॅग उपसली आणि तळाचा गठ्ठा काढला.

पान पहिलं. त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरांवर जाड पेन्सिलीनं, चालकाच्या परवान्याचे अर्ज भरणाऱ्या त्या बोजड हातानं लिहिलं होतं: 'झरा आटला आहे.' पान दुसरं: 'दोन तास नाही, साडेचार.' पान चौथं: 'निवारा पडलाय. पुढच्या वाडीत विचारा, लोक चांगले आहेत.' पान नववं: 'डावीकडे नाही, उजवीकडे. मी डावीकडे गेलो. पूर्ण दिवस गेला.' जुने नकाशे. काकांना आठवलं, ग्रंथालयातले ते नकाशे त्यांच्या जन्माच्याही आधीचे होते. एकही पान कोरं नव्हतं. फक्त जिथे त्यांनी 'दहा मिनिटं बसावं' लिहिलं होतं, तिथे काही ठिकाणी बरोबरची खूण होती आणि एकदा 'पाऊण तास बसलो' असं होतं.

पान सव्वीस: 'झरा नाही. शोधायला खाली उतरू नका. दगड निसटतात.'

हे पान काकांनी तीनदा वाचलं. फोनमध्ये बघत चालत होतो म्हणे. त्याच्या पुढच्या पानांवर काही नव्हतं, फक्त अठ्ठाविसाव्या पानाच्या डोक्यावर दोन ओळी: 'इथून पुढे मला माहीत नाही. पाणी दुप्पट न्या.'

उरलेली वाट त्यांनी कशी काटली ते त्यांचं त्यांना ठाऊक. उन्हं उतरता उतरता ते निवाऱ्यापाशी पोचले. तिथे पत्र्यावरून पडणाऱ्या पावसाचं पाणी साठवायची टाकी होती. पोटभर पाणी पिऊन त्यांनी डोक्यावरही ओतलं, बूट काढले, टाचेवरचे फोड मोजले. मागच्या टेकाडावर फोन लागत होता. साडेसहा वाजले होते. पलीकडे टेबलाभोवती कोण कोण बसलंय, गालाला हात कुणाकुणाचा आहे, हे त्यांना न बघता दिसत होतं.

"पोचलात का?" बायकोचा आवाज. "ऐकतोय आम्ही सगळे. कसं आहे?"

मग मागून साडूचा आवाज आला. नेहमीपेक्षा बारीक, जरा चाचरणारा. तो आवाज काकांनी ओळखला, कारण महिनाभर तो त्यांच्या स्वतःच्या घशात बसला होता. बिचारा आता सोफ्यावर पाय उंच ठेवून बसला असेल आणि डोंगर दुसऱ्याच्या वाट्याला गेला असेल.

"दादा," साडूनं विचारलं, "काय, वहीबरहुकूम ना?"

टेकाडाखाली दूरवर तो कातळ दिसत होता. सव्वीस संध्याकाळी हा माणूस असाच कोरड्या घशानं कुठेतरी उभा राहिला होता, सुजलेले पाय घेऊन, आणि बायकोच्या, मेहुणीच्या, सगळ्यांच्या देखत त्यानं काकांची वही खरी करून दाखवली होती. मेल्यानं इथेही मला मागे टाकलं, काकांच्या मनात आलं, आणि हा हेवा आधीच्या सगळ्या हेव्यांपेक्षा जड होता.

"बरहुकूम," ते म्हणाले.

"झरा?"

"आहे ना. गार पाणी."

साडू म्हणाला, "वा." त्याला कळलं होतं. एका झऱ्यावर खोटं बोलणं काकांना इतकं जड गेलं होतं, आणि त्यानं असे सत्तावीस दिवस काढले होते. फोन ठेवल्यावर काकांनी पेन्सिल काढली, वजन वाचवायला अर्धी कापलेली, आणि अठ्ठाविसाव्या पानावर, साडूच्या बोजड दोन ओळींखाली, आपल्या बारीक अक्षरात लिहिलं: 'झरा नाही. साडूभाऊंचं ऐका.'